खांब, चार मिनिटं

मी लातूरला क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते, वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत काय शिकवलं असं कुणी विचारलं तर खरं उत्तर एकच: काय वाचायचं नाही ते. पुस्तक समोर आलं की माझा लाल पेन आपोआप उघडतो आणि परीक्षेत जे येत नाही त्याला कंस पडत जातो. पोरं कंसातलं वाचत नाहीत. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे माझं कंसवालं पुस्तक बाइंडिंग करून मिळतं, आणि पोरं त्याच्याकडे "मॅडमचं कापलेलं द्या" असं मागतात. मला याचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू?

घरी तरी काय वेगळं? आमचे हे मुरुडचे. दवाखान्यात का गेलो होतो एवढं सांगायचं असलं तरी हे बसस्टँडवर कोण भेटलं तिथून सुरू करतात. मी म्हणते, "अहो, मुद्द्यावर या." हे म्हणतात, "अगं, मुद्दा तिकडूनच येऊन राहिलाय." तोवर माझी पोळी करपते.

तर आरएनए स्प्लायसिंग. माझ्या नोट्समध्ये याला दीड ओळ आहे. पेशीत डीएनए हे मूळ दप्तर. त्यातल्या एखाद्या जनुकाची आरएनए नावाची नक्कल निघते आणि त्या नकलेवरून प्रथिन बनतं. पण निघालेली नक्कल जशीच्या तशी कामाला येत नाही. तिच्यात मध्येमध्ये लांबच लांब तुकडे असतात, ज्यांचं प्रथिन बनत नाही. ते इंट्रॉन. ते कापून काढायचे आणि उरलेले कामाचे तुकडे, म्हणजे एक्सॉन, एकमेकांना जोडायचे. झालं. "इंट्रॉन काढले जातात, एक्सॉन जोडले जातात" एवढं लिहा आणि पुढच्या पानावर चला. हा धडा माझा फार लाडका. प्रत्यक्ष निसर्गसुद्धा माझ्यासारखाच कंस घालतो म्हटल्यावर लाडका असणारच की!

एका वर्षी देगलूरकडची एक मुलगी पहिल्या बाकावर बसायची. परीक्षेला दुसऱ्यांदा बसणारी, म्हणजे तिनं तरी गपगुमान कंस पाळायला हवे होते. तिनं हात वर केला.

"मॅडम, हे कापायचं काम कोण करतं?"

"पेशीत मोठं यंत्र असतं. त्यात प्रथिनं असतात."

"पण ती प्रथिनं बनायलाच आधी कापलेला आरएनए लागतो ना? मग पहिल्यांदा कुणी कापलं?"

मागं कुणीतरी हसलं. आणि मी, एवढ्या वर्षांची अनुभवी बाई, उचलली जीभ अन् लावली टाळ्याला: "परीक्षेत येत नाही. पुढं चला." ती खाली बसली. वहीत तिनं आपल्या प्रश्नाला स्वतःच कंस घातला, ते मला फळ्यापासून दिसलं. ते मात्र मला लागलं.

रविवारी माळ्यावरून नांदेडला एम.एस्सी. करताना घेतलेलं जाडजूड पुस्तक काढलं. धूळ झटकून बघते तर काय, उत्तर नेमकं त्या पानांवर ज्यांना मी तेव्हाच कंस घालून ठेवला होता! तळ्यातल्या एका एकपेशीय जिवाचा आरएनए शास्त्रज्ञ तपासत होते. त्यांना कापणारं प्रथिन शोधायचं होतं. म्हणून एकेक करत सगळी प्रथिनं काढून टाकली, तरी कापाकापी आपली चालूच. कापणारं दुसरं कुणी नव्हतंच. तो मधला तुकडा स्वतःच दुमडायचा, स्वतःला दोन्ही बाजूंनी सोडवून घ्यायचा, मागं उरलेली दोन टोकं एकमेकांना जोडून द्यायचा आणि निघून जायचा. ना कात्री, ना शिंपी.

त्यावरून एका जुन्या कल्पनेला बळ आलं. फार फार पूर्वी, जेव्हा प्रथिनं नव्हती आणि डीएनएही नव्हतं, तेव्हा सगळा संसार एकटा आरएनएच चालवत असावा. पदार्थाची कृती त्याच्याकडेच लिहिलेली आणि चुलीपुढेही तोच. पुढं लिहिण्याचं काम डीएनएनं घेतलं, राबण्याचं प्रथिनांनी, आणि हा बिचारा मधल्यामध्ये निरोप्या होऊन राहिला. बघायला कुणी गेलं नव्हतं, अंदाजच आहे हा. पण स्वतःला कापणारे असे तुकडे आजही काही जिवांत सापडतात.

सोमवारी त्या मुलीला उभं करून हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मॅडम, आता कंस काढायचा?" मी म्हणाले, "वाचायचं. पाठ करायचं नाही." सगळा वर्ग हसला, मीही हसले. पण स्वतःला कापून घेणारा तुकडा काही माझ्या डोक्यातून जाईना, कारण तो मी लहानपणापासून ओळखत होते. आमची काकू!

काकू म्हणजे माझ्या चुलत्यांची बायको. चुलते लग्नानंतर तिसऱ्या वर्षीच गेले. मूलबाळ नाही. माझे आईवडील दोघंही निलंग्याच्या आमच्या दुकानात अडकलेले, तेव्हा मला न्हाऊ घालण्यापासून पाढे घेण्यापर्यंत सगळं काकूनं केलं. तिचं माहेर सीमेपलीकडं, कर्नाटकात; पुरे झालं म्हणायचं असलं की अजून "साकु, साकु" म्हणते. डाळ निवडायला मला तिनंच शिकवलं. मांडीशी बसवून म्हणायची, "डाळीकडं बघू नगं, खड्याकडं बघ."

आम्ही लिंगायत. विधवेला अशुभ मानायचं नाही, आमच्यात तसलं काही नसतं, हे आमच्याकडचा प्रत्येक माणूस सभेत छातीठोकपणे सांगतो. आणि खरंच, काकूला कुणी कधी "बाजूला हो" म्हणालं नाही. म्हणायची पाळीच तिनं येऊ दिली नाही! हळद तीच कालवणार. पण नवरीला लावायची वेळ आली की हिला चुलीवरचं दूध आठवणार. फोटोवाला आला की हिची चप्पल हरवणार. बरं, ती गेली म्हणून मध्ये जागा रिकामी पडली, असंही व्हायचं नाही. जाता जाता शेजारच्या दोघींना जवळ सरकवून जायची. "सरका गं, फोटू चांगला येईल." माझ्या लग्नाचा अल्बम पानन् पान बघा, काकू एकाही फोटोत नाही, आणि कुठं काही कमी आहे असंही वाटत नाही. आजमितीला तिचा एकच फोटो आहे, आधार कार्डावरचा. त्यातसुद्धा ती कडेला बघतेय, कुठून निसटता येईल ते.

तर त्याच उन्हाळ्यात माझ्या लेकीचं लग्न ठरलं. स्थळ नांदेडचं, लग्नही नांदेडलाच. शूटिंगवाला तिकडचाच, दोन कॅमेरे आणि एक ड्रोन. लेकीनं माझ्याकडं दागिना मागितला नाही, साडीवरून भांडली नाही. एकच गोष्ट मागितली.

"आई, फिल्ममध्ये काकूआजी पाहिजे. बाकी तुला काय कापायचं ते काप. एवढं एक कर."

"अगं, त्यात काय एवढं! मी स्वतः बघते," मी म्हणाले. शब्द दिला मी तिला.

लग्नाच्या दिवशी काकूला बजावलं, "अक्षतांच्या वेळी माझ्याशेजारी उभं राहायचं." ती म्हणाली, "हाव." मंगलाष्टका सुरू झाल्या, मी वळून बघितलं, शेजारी आमची नणंदबाई. काकू गायब! आता कार्यालयात कुठलं दूध आणि कुठली चूल? पण नवरीच्या आईनं शोधायला जायचं तरी कधी? म्हटलं, दोन कॅमेरे आहेत, कुठं ना कुठं सापडेलच.

आठवड्यानं शूटिंगवाल्यानं सगळं शूटिंग मोबाइलवर पाठवलं. "मॅडम, लई मोठं हाय. काय ठेवायचं, काय काढायचं, यादी करून द्या." यादी! मला? अहो, मासोळीला पोहायला सांगावं तसं झालं. क्लासच्या दोन तासांच्या मधल्या सुट्टीत बसले आणि दुप्पट वेगानं पळवत पळवत यादी केली. नवरदेवाच्या मामांचा फेटा, कापा. ड्रोननं दाखवलेलं पार्किंग, कापा. वरण वाढणारा, कापा. आणि ऐन अक्षतांच्या वेळी एका कॅमेऱ्यात नुसता कार्यालयाचा पांढरा खांब, चार मिनिटं. मी लिहिलं: "खांब, चार मिनिटं, कापा." वर टोमणाही मारला: "कॅमेरा तिथं विसरलात का?"

काकूसाठी म्हणून मी जेवणाच्या पंगती, हळद, पाठवणी सगळं शोधलं. सापडली नाही. मनात म्हटलं, तयार फिल्ममध्ये सापडेल. हे म्हणजे परीक्षेत आपोआप आठवेल म्हणणाऱ्या पोरांसारखंच झालं, पण त्यांना मी ओरडते.

फिल्म आली. कशी आली म्हणता! आखूड, आटोपशीर, कुठं म्हणून पसारा नाही. नवऱ्याकडच्यांनी त्याच शूटिंगवरून आपली वेगळी करून घेतली होती. तिच्यात मामांचा फेटाच फेटा. एकाच आरएनएचे तुकडे वेगवेगळे जोडून दोन निराळी प्रथिनं होतात, हे मी इतकी वर्षं फळ्यावर काढते. आता दोन्ही फिल्मा दाखवल्या तरी पोरांना कळेल.

आमची फिल्म निलंग्याला माझ्या माहेरी सगळ्यांनी मिळून बघितली. काकू टीव्हीच्या अगदी पुढ्यात, चष्मा पुसून बसलेली. स्वयंपाकघराचं दार दिसलं की ती पुढं वाकायची. पंगत आली की पुढं वाकायची. अर्ध्यावर माझ्या ते लक्षात आलं आणि मग मला फिल्म दिसेनाच, मी तिच्याकडेच बघत राहिले. संपल्यावर ती म्हणाली, "मी कुठं दिसले न्हाई न्हवं?"

लेकीनं टीव्ही बंद केला.

"बरं झालं," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

लेक तिच्या पाठीकडं बघत राहिली. मग हळूच मला म्हणाली, "एकच मागितलं होतं, आई." तिनं आवाज चढवला असता तर परवडलं असतं.

मी बाहेर ओट्यावर जाऊन शूटिंगवाल्याला फोन लावला. माझ्या मोबाइलवरचं मी यादी दिली त्याच दिवशी जागा करायला पुसलं होतं, म्हणून कापलेलं सगळं परत पाठवा म्हटलं. तो म्हणाला, "मॅडम, त्यावर आता दुसऱ्या लग्नाचं शूटिंग चढलं की. तुम्हीच तर पास केलं."

"अहो, पण आमच्या काकू होत्या हो त्यात कुठंतरी. पांढऱ्या साडीतल्या."

"हां, त्या आजी व्हय? खांबाआडच्या?"

मी नुसतीच "काय?" म्हणाले.

"अक्षता टाकत व्हत्या की खांबाआडून. पोरीपतोर पोचत न्हव्हत्या, तरी टाकतच व्हत्या. मंगलाष्टका सगळ्या तोंडपाठ, व्हट हालून राहिले व्हते. स्टेज दुसऱ्या कॅमेऱ्यात येतच व्हतं, म्हणलं हे घेऊ. चार मिनिटं तिथंच धरला. तुम्ही लिहिलं, कॅमेरा विसरलात का. मला वाटलं, घरातलाच काही विषय असंल. म्हणून इचारलं न्हाई."

घरातलाच विषय! म्हणजे त्या परक्या माणसाला वाटलं, मी जाणूनबुजून कापली. पांढरा खांब, पांढरी साडी, हाताएवढा मोबाइल आणि दुप्पट वेग. मला दिसला तो नुसता खांब. मी ओट्यावर बसून रडले. राग आला तो माझा मलाच आला. जन्मात जिला कुणी "बाजूला हो" म्हणालं नव्हतं, तिला कापा म्हणून लेखी दिलं ते मी, तिनं वाढवलेल्या पोरीनं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

आत जाऊन चुलीपाशी काकूला सगळं सांगितलं. म्हटलं, "तू होतीस गं. मीच कापलं."

ती साखर ढवळत म्हणाली, "साकु गं. तुला दिसू नये म्हणून तर खांबामागं गेले. तुझी काय चूक?" मग जरा थांबून म्हणाली, "पण मामाचा फेटा ठेवायचा. लई चांगला बांधला व्हता."

पुढं क्लासमध्ये तोच धडा आला, तेव्हा मी कंस न घालता शिकवला. त्या कापणाऱ्या यंत्रात प्रथिनांची गर्दी असते, पण प्रत्यक्ष कापून जोडण्याचं काम आतला आरएनएच करतो. आणि हा आतला आरएनए काय, कापले जाणारे इंट्रॉन काय, दोघंही स्वतःला कापून घेणाऱ्या कुठल्या तरी जुन्या तुकड्यांपासूनच आले असावेत, असं बरेच शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे कापणारी आणि कापली गेलेली, एकाच घरातल्या.  

गेल्या वर्षी लेक बाळंतपणाला लातूरला आली. मुलगी झाली. बारसं आमच्याच घरी, नांदेडहून सगळे आले. शूटिंगवाला मी तोच बोलावला. काकू निलंग्याहून दोन दिवस आधी येऊन डिंकाचे लाडू करत बसली होती. पाळणा सजवला, बायका जमल्या, आणि लेकीनं बाळ आणून सरळ काकूच्या मांडीवर ठेवलं. "काकूआजी, जरा धर, साडी बदलून येते."

जरा म्हणता म्हणता बाळ झोपलं. झोपलं ते कसं, काकूच्या गळ्यातल्या इष्टलिंगाचा दोरा मुठीत घट्ट धरून. तेवढ्यात कॅमेरा वळला आणि काकूची चुळबुळ सुरू झाली.

"अगं, घ्या गं हिला. दूध उतू जाईल."

"गॅस बंद केलाय, काकूआजी," लेक साडी नेसून आली होती.

"माझी चप्पल कुठं दिसंना झालीय."

"ही बघ, इथं."

"बाई, पण पाळण्यात घालायचं न्हवं हिला?"

"हलवलं तर उठेल. उठली तर रडेल. रडत्या पोरीच्या कानात आत्या नाव कसं सांगणार?"

काकूनं दोरा सोडवून बघितला. मूठ सुटेना. तिनं माझ्याकडं बघितलं, की तू तरी काही बोल. मी म्हटलं, "मी काय बोलू? परीक्षेत येत नाही." नांदेडच्या आत्याबाईंना काय करावं कळेना, शेवटी त्या खाली सतरंजीवर आल्या, काकूच्या गुडघ्याशी बसल्या आणि तिथंच वाकून त्यांनी बाळाच्या कानात नाव सांगितलं. पाळणा म्हणणाऱ्या बायकांनी रिकामाच पाळणा हलवून गाणं पुरं केलं. काकू मान खाली घालून बसून होती, पण बसून होती.

शूटिंगवाल्यानं विचारलं, "मॅडम, यादी?"

"यादी नाही. सगळं ठेवा."

सगळं म्हणजे सगळं ठेवलं त्यानं. आमच्या यांनी पाहुण्यांना सांगितलेली मुरुडच्या बसस्टँडची गोष्टसुद्धा अख्खी आली, आणि खरं सांगते, तिला शेवटी मुद्दा होता. दिवाळीच्या सुट्टीत निलंग्याला ती फिल्म लावली. काकू पुन्हा टीव्हीच्या पुढ्यात. पडद्यावर ती आली तेव्हा तिनं चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"अय्यो शिवा, केवढी म्हातारी झाले गं मी! अन् पदर बघ कसा. एवढ्या बायका व्हत्या, एकीनं तरी सांगायचं न्हवं?"

सगळे हसले. दुपार सरत आली तरी फिल्म चालूच. एकेक जण उठून गेला, कुणी जनावरांना पाणी दाखवायला, कुणी दुकान उघडायला. शेवटी मी आणि काकूच उरलो. फिल्म संपली. मी म्हटलं, "झालं गं काकू, चहा टाकते," आणि टीव्ही बंद करायला हात पुढं केला.

"थांब की," ती म्हणाली. "ते मगाचं पुन्यांदा लाव."

"कुठलं?"

"मी हाय ते."